ज्योतीराम पांचाळ आणि दोन इंचांची भिंत

ज्योतीराम,

'सप्रेम नमस्कार' लिहीत नाही. ते वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना काहीतरी हवंय. तुम्ही संशयी माणूस. तोंडावर कितीदा सांगितलं, आता कागदावर सांगते. चिंचवडच्या कामगार वाचनालयात बावीस वर्षं मी टेबलामागे बसले. शेकडो माणसं पेपर वाचायला यायची, पण वाचायच्या आधी पेपरची पानं मोजणारे तुम्ही एकटे. रविवारची पुरवणी नसली की माझ्याकडे असं बघायचात, जणू मी ती भजी बांधायला घरी नेली. (एकदा नेली होती. आता निवृत्त झालेय, कबूल करायला हरकत नाही.)

तुमची हकिगत लिहितेय. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'कशाला?' म्हणाला असतात, आणि त्या 'कशाला'ला उत्तर देता देता माझं उरलेलं आयुष्य गेलं असतं. थोडं तुम्ही सांगितलंय, थोडं तुमच्या लेकीने, स्वरूपाने, थोडं रावेतच्या आबाजींनी, आणि एका ठिकाणी माझाही हात आहे. तेव्हा तुमच्याशी बोलणं पुरे. आता लोकांना सांगते.

ज्योतीराम पांचाळ मूळचे परांड्याकडचे, पिढीजात सुतार. एकविसाव्या वर्षी चिंचवडला आले आणि एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला लागले. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, उठलेल्या खळग्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, की लोखंडी वस्तू तयार. पंपाचं पोट असो नाहीतर गिअरबॉक्सचं झाकण, मशीनच्या आधी ते कुणीतरी सागवानात कोरलेलं असतं. चाळीस वर्षं ज्योतीरामांनी तेच कोरलं.

या कामाने माणूस संशयी होतो, असं त्यांचं म्हणणं. ड्रॉइंग साहेबाचं, ओतकाम दुसऱ्याचं, पण कास्टिंग फसलं की शिव्या पॅटर्नवाल्याला. म्हणून ते साहेबावर विश्वास ठेवायचे नाहीत, ड्रॉइंगवर त्याहून नाही, आणि दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचे नाहीत. स्वतःची पत्र्याची पेटी, तिला कुलूप, किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यात.

एकाच कामाला ती पेटी खुल्या मनाने उघडायची. कंपनीच्या नाटकाला. तेव्हा कंपन्यांच्या नाटकांच्या स्पर्धा असायच्या आणि नेपथ्य हमखास पॅटर्न शॉपकडे, कारण लाकूडही तिथे आणि हातही तिथे. शिफ्ट सुटली की ज्योतीराम जिने करायचे, खिडक्या करायचे, एकदा तर अख्खी विहीर केली. त्यांची शाळकरी लेक स्वरूपा विंगेत बसून पेरू खात नाटकं बघायची. त्या पोरीला नाटकाचा नाद लागला तो बापामुळे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ज्योतीराम याचा सगळा दोष रावेतच्या एका जागेला देतात.

पुढे पॅटर्न कॉम्प्युटरवरच्या मशीनवर निघू लागले, फाउंड्रीने चाकणला बस्तान हलवलं, ज्योतीराम घरी बसले. बायको गेली. आकुर्डीच्या दोन खोल्यांत बाप आणि लेक, बस्स. स्वरूपा डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. सहा वर्षं सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. ज्योतीरामांना त्या बसचा केवढा आधार! आणि एके दिवशी स्वरूपाबाई बसला गेल्याच नाहीत.

"कंपनी सोडली?"

"सोडली."

"काढलं का?"

"नाही अण्णा, मीच राजीनामा दिला. रावेतला एक जागा सुरू होतेय. गोदाम नाव आहे. मी सांभाळणार."

"गोदामात साठवणार काय?"

"काही नाही हो! पुढे कॉफी आणि खाणं, मधे चित्रं लावायला मोठी भिंत, मागे नव्वद खुर्च्यांचं नाट्यगृह."

"आणि चालणार कशावर?"

"कॉफीवर."

"नाटकवाला चहा फुकट मागतो गं. तो कॉफी विकत घेणार?"

"बघणारा घेईल."

"मग नाटक दाखवायचं कशाला? नुसती कॉफी विका."

यावर स्वरूपा हसली. ज्योतीरामांना ते हसणं आवडलं नाही. जिथे कला आणि धंदा एका दारातून आत जातात, तिथे मागच्या दाराने तिसरंच काहीतरी येतं, हे त्यांचं पक्कं मत. आणि ते तिसरं म्हणजे दारू. जुन्या हायवेला त्यांनी कमी पाहिलं नव्हतं. बाहेर पाटी 'कलामंच' आणि आत भलतंच. छापा पडला की मालक सटकतो आणि मॅनेजरचं नाव पेपरात येतं. पेपर तर ते रोज पहिल्या पानापासून वाचायचे. आता मॅनेजर त्यांची स्वतःची मुलगी होती. त्यांची भीती होती ती एवढीच, आणि ती लहान नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ते न सांगता रावेतला गेले.

जागा रविराजची. रविराज तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. जमीन बिल्डरला देऊन उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची मोठी शेड, ती आधी एका वर्कशॉपला भाड्याने होती. वर्कशॉप चाकणला गेलं आणि शेड रिकामी पडली. रविराज पस्तिशीचा, ढोल पथकात वाजवणारा, गळ्यात जाड साखळी आणि बोलणं एकदम मऊ. जमीनवाला मऊ बोलायला लागला की ज्योतीरामांचा हात खिशाकडे जायचा.

फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रविराजचे चुलते आबाजी बसलेले. हे गृहस्थ रोज तिथेच असत, पुतण्या काय दिवे लावतो ते बघायला.

"आत काय चाललंय?" ज्योतीरामांनी विचारलं.

"मला इचारता व्हय? मी भायेर बसलोय."

"घरचे ना तुम्ही?"

"घरचा हाय म्हनून तर भायेर हाय. आत गेलो तर म्हनत्यात, आबा, चपला काडा, रंग वला हाय. सोताच्या रानात चपला काडायच्या!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, भिती काळ्या केल्यात. आक्ख्या काळ्या. बरं न्हाई ते."

ज्योतीराम आत गेले. खरंच, मागच्या खोलीच्या चारही भिंती कोळशासारख्या काळ्या, खिडक्या ठोकून बंद. नाटकाला अंधार लागतो हे त्यांना काय माहीत नव्हतं? स्वतः काळे पडदे टांगलेत त्यांनी. पण पडदा काढता येतो. भिंत काळी करणारा माणूस मुक्कामालाच आलेला असतो. पुढच्या भागात लांबलचक कट्टा आणि त्याला दोन नळ.

"हे नळ कशाला?"

"अण्णा! तुम्ही इथे?" स्वरूपा शिडीवरून उतरली. "कॉफीला पाणी लागतं ना."

"दोन नळ?"

"कप धुवायला दुसरा."

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तर लगेच मिळालं की ज्योतीरामांना जास्तच शंका येई.

नेमका त्याच आठवड्यात गोदामचा सुतार काम अर्धं टाकून पळाला. उद्घाटन दहा दिवसांवर. पहिल्याच दिवशी चाकणच्या कामगार पोरांची एकांकिका, स्वरूपानेच बसवलेली. आणि रंगमंचच तयार नाही. स्वरूपा रात्री जेवताना म्हणाली, "अण्णा, तुम्ही कराल? पुढची कड फक्त. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

ज्योतीरामांनी हो म्हटलं. तिला वाटलं, बापाचा राग गेला. बापाने हो म्हटलं ते लक्ष ठेवायला. आत राहिल्याशिवाय आतलं कळत नाही.

ते पेटी घेऊन गेले. रविराजने लाल उजेड टाकून अंतर सांगणारं कसलंसं यंत्र पुढे केलं. "काका, हे घ्या, एका सेकंदात माप."

"माझं माप माझ्याकडे आहे."

"बरं, निदान टेप तरी..."

"माझं माप माझ्याकडे आहे," ज्योतीराम पुन्हा म्हणाले. पेटीतून त्यांनी आपली मीटरभर लांबीची पोलादी पट्टी काढली. चाळीस वर्षं हातात राहून तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या.

नकाशा स्वरूपाने दिला. भिंत ते भिंत चार हजार आठशे मिलिमीटर. ज्योतीरामांनी शेडबाहेर सावलीत सोळाशेचे तीन तुकडे कापले, रंधले, कडा मोडल्या. आबाजींनी खुर्ची उचलून तिथे आणली आणि तीन दिवस बघत बसले. "हात बाकी येवस्थित हाय तुमचा," एवढं एकदा म्हणाले. चौथ्या दिवशी तुकडे आत नेऊन जोडायला घेतले, आणि तिसरा तुकडा बसेना. दोन इंचांनी अडला.

ज्योतीरामांनी तुकडे मोजले. सोळाशे, सोळाशे, सोळाशे. मग भिंत ते भिंत मोजलं. चार हजार सातशे बावन्न. पुन्हा मोजलं, उलट बाजूने मोजलं. सातशे बावन्नच. नकाशात चार हजार आठशे आणि जागेवर जवळजवळ दोन इंच कमी. दोन इंचांनी काय होतं, असं तुम्ही म्हणाल. ज्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरसाठी मेमो मिळालेला आहे त्याला विचारा.

त्यांनी डाव्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं. पोकळ. भिंतीपलीकडे नकाशावर 'स्टोअर' लिहिलेली खोली, तिला कुलूप, किल्ली रविराजच्या कमरेला. म्हणजे स्टोअर मोठं करायला भिंत आत सरकवली, महापालिकेला दाखवलेला नकाशा वेगळा, आणि त्या कुलपाआड दारूच्या पेट्या असणार. त्यांच्या मनात गणित सुटलं. स्वरूपा दहा पावलांवर पोरांच्या तालमीत उभी होती. एक हाक मारून विचारता आलं असतं. विचारलं नाही. तुकडे भिंतीला टेकवून पेटीला कुलूप घातलं आणि सरळ माझ्याकडे आले.

आता माझा हात. मी अर्ज बरे लिहिते अशी आकुर्डी-चिंचवडमध्ये माझी ख्याती आहे. पाणी येत नाही, पेन्शन अडली, सगळ्यांना मीच. ज्योतीराम म्हणाले, "लिहा, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळत नाही. स्टोअरमध्ये अवैध मद्यसाठा असल्याचा संशय."

"मुलीला विचारलंत?"

"ती आता त्यांच्या बाजूची. आणि तिला माहीत नसेल तर तिलाच फसवतायत. तिचं नाव पाटीवर लागायच्या आत उघडं पडलं पाहिजे."

कुकरची शिट्टी झाली होती, मला घाई होती. वीस मिनिटांत लिहून दिला. भाषा फर्मास होती, ते मला आजही सलतं. एवढं मात्र म्हटलं की नाव नको असेल तर निनावी लिहू. ते ताठ झाले. "निनावी लिहायला मी काय चोर आहे?" खाली ठसठशीत सही केली, दुसऱ्या दिवशी स्वतः क्षेत्रीय कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी महापालिकेचा कनिष्ठ अभियंता आला. सभ्य माणूस. रविराज गोंधळला, स्वरूपाने कागद काढून दिले. ज्योतीराम कोपऱ्यात उभे. आबाजी त्या दिवशी चपलांसकट आत आले.

अभियंत्याने टेप लावला. चार हजार आठशे. बरोबर.

"पुन्हा मोजा," कोपऱ्यातून आवाज आला.

त्याने पुन्हा मोजलं. चार हजार आठशे. काळ्या भिंतीची एक फळी उचकटली. आत आवाज शोषायचा कापूस, म्हणून पोकळ वाजत होती. स्टोअर उघडलं. स्पीकर, गुंडाळलेली जाजमं, आणि रविराजच्या पथकाचे अकरा ढोल.

"मग हे लाकूड का बसत नाही?" अभियंत्याने कडेचे तुकडे बघत विचारलं.

स्वरूपा पुढे झाली. सहा वर्षं क्वालिटीला काढलेली मुलगी. तिने अभियंत्याचा टेप जमिनीवर ताणला आणि शेजारी वडिलांची पट्टी ठेवली. टोकाला टोक. पट्टीवरचा हजारचा आकडा टेपवर एक हजार दहाला येत होता.

तिने ओणवं होऊन दोन्हींवरचे आकडे पुन्हा जुळवून पाहिले. मग हळू म्हणाली, "अण्णा, ही बिडाची पट्टी आहे."

न समजणाऱ्यांसाठी सांगते, मलाही नंतरच समजलं. वितळलेलं बीड थंड झालं की आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात तेवढी ताणलेली असते. वर शंभर लिहिलेलं, प्रत्यक्षात एकशे एक. साधी पट्टीही ज्योतीरामांकडे होती, पेटीच्या तळाशी. पण हात चाळीस वर्षं जिथे गेला तिथेच गेला. बिडाच्या पट्टीने कापलं म्हणून लाकूड मोठं, आणि तिनेच मोजली म्हणून जागा कमी. चोर तीच आणि साक्षीदारही तीच.

"म्हंजी सुतारा," आबाजी म्हणाले, "तुजी पट्टीच खोटी?"

"खोटी नाही," ज्योतीराम म्हणाले. "बिडासाठी खरी आहे."

अभियंत्याने कागद उलटला आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "अर्जदार, ज्योतीराम पांचाळ, आकुर्डी. आहेत का इथे?"

तोवर स्वरूपाला माहीत नव्हतं.

तिने वडिलांकडे पाहिलं नाही. कट्ट्यावरची एक फाइल उचलली, उघडून त्यांच्या पुढ्यात धरली. "बिअरच्या परवान्याचा अर्ज आहे. मिळाला तर पुढच्या वर्षी बिअर ठेवू. नुसत्या कॉफीवर नाटक चालत नाही, ते तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात, मला पटलं होतं. कट्ट्यावरच असते ही फाइल. नळाजवळ. विचारलं असतंत तर दाखवली असती."

"म्हणजे दारू येणारच ना," ज्योतीराम म्हणाले. त्यांच्या जागी दुसरा कुणी गप्प बसला असता.

"हो अण्णा. येणार."

अभियंता एकदा आलाच होता, तर त्याने मागचं दारही पाहिलं. ते आत उघडत होतं. गर्दीच्या जागेत बाहेर उघडायला हवं. दार बदलेपर्यंत कार्यक्रम करता येणार नाही, असं त्याने लिहून दिलं. जाताना सांगितलं की अर्जदाराने तक्रार मागे घेतल्याचं लेखी दिल्याशिवाय फाइल बंद होणार नाही.

दार बदलायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात चाकणच्या पोरांच्या शिफ्ट फिरल्या, दोघांना नाईट लागली, एकांकिका मोडली ती मोडलीच. उद्घाटनाला मुंबईहून कुणी विनोद सांगणारा आणला. गर्दी बरी झाली म्हणे. रंगमंचाची कड दुसऱ्या सुताराने दोन इंच छाटून बसवली. स्वरूपा ताथवड्याला मैत्रिणीकडे राहायला गेली. रविवारी घरी येते, डबा आणते, भांडण अजिबात करत नाही. "घरी मी येईन अण्णा, पण तिकडे तुम्ही येऊ नका," एवढं एकदाच सांगितलं. ज्योतीराम म्हणतात, भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि फाइल बंद नसल्यामुळे गोदामला कुठलीही परवानगी मागायची झाली की पहिला प्रश्न येतो, ही तक्रार कसली? मग स्वरूपा सांगते. तक्रारदार कोण? मग तेही सांगते.

ज्योतीराम माझ्याकडे आले. "बाई, मागे घ्यायचा लिहा."

मी लिहिला: गैरसमजातून केलेली तक्रार मागे घेत आहे.

त्यांनी चष्मा लावला. "गैरसमज म्हटलं की दोन्हीकडचा वाटतो. 'चूक' लिहा."

मी खोडून चूक लिहिलं.

"पण बिअरचं खरं निघालं की. मग चूक कशी?"

"ज्योतीराम, भिंतीबाबत चूक आणि बिअरबाबत बरोबर, असं लिहू का? एक फाइल बंद व्हायची ती राहील, दुसरी उघडेल."

अर्ज दोनदा वाचून त्यांनी सही केली. मग म्हणाले, "तुम्ही बरोबर चला. तक्रार मागे घेणारा एकटा दिसला की लोक म्हणतात, मालकाने तोंड बंद केलं याचं. आकुर्डीच्या रिक्षा स्टँडवर या. मंगळवारी साडेदहाला."

मी हो म्हटलं, अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात ठेवला. मंगळवारी ते उभे होते, असं रिक्षावाल्याने सांगितलं. साडेअकरापर्यंत. मी गेले नाही. गुडघा दुखत होता हे खरं, पण रिक्षात बसता येत नाही इतका नाही. पहिला अर्ज माझ्याच अक्षरात त्या फाइलला लावलेला आहे, आणि दुसरा त्याच अक्षरात घेऊन त्या अभियंत्यासमोर उभं राहायची मला लाज वाटली. दुपारी फोन करून पुढच्या मंगळवारचं म्हटलं. ते "बरं" म्हणाले, पण आवाजावरून कळलं, यांनी आता मलाही संशयितांच्या यादीत घातलं. पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी कार्यालयाला सुट्टी होती. त्यानंतर कुणी कुणाला फोन केलेला नाही, आणि सही केलेला अर्ज अजून माझ्याच खणात आहे.